बट्टा कोण लावतो?

गेल्या जूनमध्ये आमच्या शाळेत एक आजोबा नातवाचा दाखला मागायला आले. वय ऐंशीच्या पुढे, डोक्यावर टोपी, हातात काठी. नातू चौथी पास झालेला, वर्गात हुशार, पाढे तोंडपाठ, आणि शंका विचारायला कधी न लाजणारा. आम्ही त्यांना बसवले, पाणी दिले आणि विचारले, "चाचा, मुलाला इथे काही त्रास आहे का?" ते म्हणाले, "त्रास कुछ नहीं मास्टर साब. मगर उर्दू अब हाली है, इंग्रेजी कलदार है. पोट्टे को हाली दे के क्या फायदा?"

आम्ही शिक्षक खोलीत चौघे होतो. चौघांपैकी कोणालाही उत्तर सुचले नाही. दाखला कायद्याने द्यावाच लागतो, तो दिला. 'शाळा सोडण्याचे कारण' ह्या रकान्यात नेहमीप्रमाणे 'पालकांच्या विनंतीवरून' असे लिहिले. पण ते वाक्य आमच्या मनातून गेले नाही. हा लेख त्या वाक्याला दिलेले उत्तर आहे. उशिरा सुचलेले आहे, पण आजोबांइतकेच ते आम्हांला स्वतःलाही द्यायचे आहे.

तरुण वाचकांना हाली आणि कलदार हे शब्द ठाऊक नसतील. निजामाच्या राज्यात, म्हणजे आपल्या मराठवाड्यातही, दोन रुपये ओळखीचे होते. एक हैदराबाद सरकारचा. त्याला 'हाली सिक्का' म्हणत. हाली म्हणजे सध्याचा, चालू. दुसरा इंग्रजांचा. तो 'कलदार'. कल म्हणजे यंत्र. हातोड्याने ठोकलेल्या जुन्या नाण्यांच्या मानाने यंत्रावर पाडलेले, काठाला रेघा असलेले नाणे, म्हणून कलदार. त्यावर राणीचे मुंडके असले तर 'राणीछाप'. सात हाली रुपये मोजावेत तेव्हा सहा कलदार हाती यावेत, असा पुढे दर ठरून गेला होता. मधला जो फरक कापला जाई तो 'बट्टा'.

हा बट्टा सराफाच्या पेढीवरून उठला आणि थेट आपल्या घरात आला. 'घराण्याच्या नावाला बट्टा लागला' असे आपण आजही म्हणतो. म्हणणाऱ्याला ठाऊक नसते, की आपण नाणे बदलण्याच्या धंद्यातला शब्द माणसाच्या अब्रूला लावतो आहोत. भाषा अशीच असते. धंदा बंद होतो, नाणे वितळते, राज्य जाते. तराजू मात्र जिभेवर राहतो.

ही गोष्ट केवळ आपल्याकडची नाही. स्पेनमध्ये एखादी वस्तू किंवा माणूस फार मोलाचा आहे हे सांगायचे असेल तर म्हणतात, 'त्याची किंमत एक पोतोसी आहे.' कोणी म्हणतात, 'एक पेरू आहे.' पोतोसी हे आजच्या बोलिव्हिया देशातले सुमारे ४००० मीटर उंचीवरचे गाव. पूर्वी तो सारा मुलूख स्पेनच्या पेरू प्रांतात मोडत असे. १५४५ मध्ये तिथल्या डोंगरात चांदी सापडली. अवघ्या काही दशकांत त्या थंड, ओसाड माळावर जगातल्या मोठ्या शहरांत गणना व्हावी असे शहर उभे राहिले. सर्व्हान्तेसने आपल्या डॉन किहोतेच्या १६१५ साली निघालेल्या दुसऱ्या भागात अमाप मोबदल्याचे माप म्हणून पोतोसीच्या खाणींचेच नाव घेतले आहे. म्हणजे खाण सापडल्यावर सत्तर वर्षांच्या आत ते नाव स्पेनच्या बोलण्यात किमतीचे माप होऊन बसले होते.

आता त्या मापाच्या आत डोकावून पाहा. चांदी कोणी काढली? स्पेनच्या माणसांनी नव्हे. १५७० च्या दशकात तिथला व्हाइसरॉय फ्रान्सिस्को दे तोलेदो ह्याने नियम केला, की ठरावीक प्रांतांतल्या मूळ रहिवाशांनी आपल्या प्रौढ पुरुषांपैकी दर सातांतला एक खाणीवर पाठवायचा. वर्षाला सुमारे १३ हजार माणसे अशी जात. ह्या सक्तीच्या कामाचे नाव 'मिता'. शब्द त्यांच्याच केचुआ भाषेतला, अर्थ 'पाळी'. इंका राजांच्या काळात गावाने सार्वजनिक कामासाठी आळीपाळीने माणसे द्यायची रीत होती. स्पेनने शब्द तोच ठेवला आणि त्यात खाण भरली. माणसे मेणबत्तीच्या उजेडात शिड्यांवरून खनिज वर आणीत. चांदी वेगळी काढायला पारा वापरीत, तो श्वासातून अंगात जाई. ही पाळी सुमारे अडीचशे वर्षे चालली. आणि एवढे होऊन शब्दकोशात काय उरले? 'फार मोलाचे' एवढा अर्थ. ज्याच्या पदरात चांदी पडली त्याची म्हण झाली. ज्याची छाती पाऱ्याने पोखरली त्याची म्हण झाली नाही.

आमच्या मते हा साऱ्या मोलाच्या शब्दांचा स्वभाव आहे. मोल सांगणारा शब्द खणणाऱ्याच्या तोंडून क्वचितच येतो. तो नेणाऱ्याच्या तोंडून येतो.

कोणी म्हणेल, पोतोसी कुठे आणि औरंगाबाद कुठे? इतके दूर नाही. सोळाव्या-सतराव्या शतकांत युरोपच्या व्यापाऱ्यांना हिंदुस्थानातले कापड, नीळ, मिरी हवे होते, आणि बदल्यात देण्याजोगा त्यांचा माल इथे फारसा खपत नव्हता. म्हणून ते चांदी आणीत, आणि त्या चांदीचा मोठा वाटा स्पेनच्या अमेरिकेतल्या खाणींचा असे. सुरतेसारख्या बंदरांत ती उतरे, मोगल टांकसाळीत वितळे आणि तिचा रुपया होई. आमच्या शहरातही टांकसाळ होती. तिथल्या नाण्यांवर शहराचे नाव 'खुजिस्ता बुनियाद', म्हणजे शुभ पायाचे नगर, असे येते. त्या रुपयात पोतोसीची चांदी मिसळलेली असणे अगदी शक्य आहे. एकाच धातूवर आधी स्पेनच्या राजाची छाप, मग दिल्लीच्या बादशहाची. धातूला कोणी विचारले नाही. तशीच ह्या शहरालाही कोणी विचारले नाही. ते खडकी झाले, फतेहनगर झाले, औरंगाबाद झाले, खुजिस्ता बुनियाद झाले आणि २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले. नावाचा वाद आम्हांला इथे घालायचा नाही. एवढेच म्हणायचे आहे, की छाप वेगळी आणि धातू वेगळा, हे ह्या शहरात राहणाऱ्या माणसाला तरी शिकवावे लागू नये.

आपल्या दख्खनेतही पोतोसीसारखी नावे आहेत. इंग्रजीत 'गोलकोंडा' ह्या शब्दाचा अर्थच 'संपत्तीची खाण' असा होऊन बसला. अमेरिकेत इलिनॉय आणि नेवाडा ह्या राज्यांत त्या नावाची गावे आहेत. गोलकोंड्याच्या किल्ल्यात हिरे निघत नव्हते. ते कृष्णाकाठी कोल्लूरसारख्या खाणींत निघत आणि गोलकोंड्याच्या बाजारात विकले जात. सतराव्या शतकातला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये लिहून गेला आहे, की कोल्लूरच्या खाणीवर बायका-मुले धरून सुमारे ६० हजार माणसे राबत होती. जगाच्या कोशात नाव गेले बाजाराचे. खाणीचे गेले नाही, आणि राबणाऱ्यांचे तर नाहीच नाही. इथे राजा आपला होता, कुतुबशाही होती, म्हणून हा हिशेब बदलत नाही, हेही आपण मान्य केले पाहिजे.

आणखी जवळ या. 'वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड' ही म्हण मराठी मुलखात कोणाला ठाऊक नाही? काळी जमीन, कापसाचे पीक. हा सोन्याचा प्रांत १८५३ पर्यंत निजामाकडे होता. इंग्रजांच्या देखरेखीखालच्या हैदराबाद कंटिंजंट ह्या फौजेचा पगार थकला, कर्ज झाले, आणि त्या कर्जापोटी कंपनी सरकारने वऱ्हाड आपल्या ताब्यात घेतला. १९०२ मध्ये तो वर्षाला २५ लाख रुपयांच्या बोलीवर कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे गेला. मधल्या काळात काय झाले? १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तिथला कापूस थांबला, आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडकडे वळली. रेल्वे आली. खामगाव आणि अमरावती ह्या कापसाच्या बाजारांना लोहमार्गाचे फाटे जोडले गेले. कापूस मुंबईला, मुंबईहून समुद्रापार. आणि १८९९-१९०० चा दुष्काळ पडला तेव्हा ह्याच सोन्याच्या प्रांतात माणसे अन्नावाचून गेली. १८९१ मध्ये वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २९ लाख होती. १९०१ मध्ये ती साडेसत्तावीस लाखांवर आली. दहा वर्षांत वाढायची ती घटली. रेल्वे होती, बाजार होता, म्हणही होती. आज त्याच भागातल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या आपण वाचतो आणि पान उलटतो. कुऱ्हाड सोन्याची खरी. पण ती कोणाच्या हातात होती आणि घाव कोणावर पडला, हे म्हण सांगत नाही.

वऱ्हाड इंग्रजांकडे गेल्यावर एक गंमत झाली. जालन्याहून देऊळगाव राजाकडे निघालेला माणूस बोली न बदलता चालत राही, पण वाटेत राज्य बदले आणि राज्याबरोबर नाणे. इकडे हाली, तिकडे कलदार. कापूस तोच, भाकर तीच, घाम तोच. सराफाच्या ओट्यावर मात्र एकाच्या घामाला बट्टा आणि दुसऱ्याच्या घामाला नाही.

आता आजोबांच्या बाजूने बोलू. वाद घालायचा तर समोरच्याचे खरे आधी कबूल करावे. कलदारात हालीपेक्षा चांदी खरोखर जास्त होती. बट्टा निव्वळ रुबाबाचा नव्हता, त्याला धातूचा आधार होता. तसेच इंग्रजीचे आहे. इंग्रजीत नोकरी आहे, मोठ्या कोर्टाचा निकाल आहे, डॉक्टरचे पुस्तक आहे, संगणक आहे. हे नाकारणारा मास्तर मुलांना फसवतो. ज्या घरात बाप हातगाडी ओढतो आणि आई ब्लाउजला हुक लावून संसाराला हातभार लावते, त्या घराने मुलासाठी कलदार मागितला तर त्याला दोष देणारे आम्ही कोण?

पण कलदाराची पुढची गोष्टही ऐकली पाहिजे. १८९३ मध्ये इंग्रज सरकारने लोकांनी आणलेल्या चांदीचे नाणे पाडून द्यायचे बंद केले. तेव्हापासून रुपयाची किंमत त्याच्यातल्या चांदीवर नव्हे, तर सरकारच्या शब्दावर ठरू लागली. १९४० मध्ये, युद्धाच्या धामधुमीत, रुपयातली चांदी कमी करून निम्म्यावर आणली. १९४७ मध्ये चांदी गेलीच आणि निकलचा रुपया आला. गावोगाव लोक मात्र 'कलदार, कलदार' म्हणतच राहिले. चांदी संपली तरी शब्दाचा भाव उतरला नाही.

आज आपल्या मोहल्ल्यांत नेमके हेच चालले आहे. भाड्याच्या दोन खोल्या, दारावर इंग्रजीत झळकणारी पाटी, मुलाच्या गळ्यात टाय, आणि आत शिकवणाऱ्या मुलीला स्वतःला इंग्रजीची दोन वाक्ये धड जोडता येत नाहीत. तिचा दोष नाही, तिला महिन्याला मिळते काय? धडा ती इंग्रजीत वाचते, अर्थ दखनीत सांगते आणि उत्तरे फळ्यावरून उतरवून घेते. मूल तीन वर्षांनी न उर्दू वाचू शकते, न मराठी, न इंग्रजी. सातवी-आठवीत ते गळते, किंवा परत आमच्याकडे येते, आणि आम्ही त्याला अलिफ-बे पासून सुरुवात करून देतो. अशा मुलांची ओळख आम्हांला आकड्यांतून झालेली नाही. ती आमच्या बाकांवर बसलेली आहेत. ह्याला आम्ही निकलचा कलदार म्हणतो. छाप राणीची, चांदी शून्य.

मुलाने पहिले ज्ञान आपल्या भाषेत घ्यावे, हे काही उर्दूवाल्यांचे रडगाणे नाही. युनेस्कोने १९५३ मध्ये ह्याच विषयावर अहवाल काढून तेच सांगितले. आपल्या राज्यघटनेत १९५६ मध्ये कलम ३५०-क आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय राज्याने करावी, असे ते सांगते. बी.एड.च्या परीक्षेत आम्ही साऱ्यांनी हे पाठ करून लिहिले आहे. लिहिले, पास झालो आणि विसरलो.

आणि उर्दूत चांदी नव्हती, असे कोणी म्हणू नये. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात वैद्यक आणि अभियांत्रिकीसुद्धा उर्दूतून शिकवली गेली. त्यासाठी 'दारुल तर्जुमा' नावाची भाषांतराची स्वतंत्र संस्था होती. विज्ञानाला उर्दू अपुरी पडते, ही गोष्ट त्या डॉक्टरांनी आणि इंजिनिअरांनी आपल्या कामाने खोटी पाडलेली आहे.

पण इथेच आपल्याला एक कडू घोटही गिळायचा आहे. जी उर्दू आज हाली झाली, ती त्या काळी ह्या मराठवाड्यात कलदार होती. दफ्तर उर्दूत, कचेरी उर्दूत, वरचे शिक्षण उर्दूत. ज्या रयतेची बोली मराठी होती तिच्या पोराला नोकरीच्या दारात बट्टा द्यावा लागे. खासगी शाळा काढायची तर सरकारी परवानगीची अट होती. १९४८ मध्ये राज्य गेले आणि छाप बदलली. आपल्यातले काही जण त्या काळाच्या आठवणीने आजही उसासे टाकतात. त्यांना आमचे सांगणे आहे, की तो मान भाषेचा नव्हता, तख्ताचा होता. तख्ताने दिलेला मान तख्ताबरोबर जातो. आज आपल्या मुलांना लागणारा बट्टा आपल्याला टोचतो, तर तेव्हा मराठी मुलाला लागलेला बट्टाही टोचला पाहिजे. तो ज्याला टोचत नाही, त्याला आजची तक्रार करण्याचा अधिकार नाही.

दुसरा पारखी बाहेर बसलेला आहे. कुठल्याही कार्यक्रमात आम्ही चार वाक्ये सरळ मराठीत बोललो, की कोणीतरी प्रेमाने येऊन म्हणतो, "सर, तुमचं मराठी किती शुद्ध! मुसलमान वाटतच नाही." बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसते, हे आम्ही जाणतो. पण हे म्हणजे नाणे दगडावर आपटून आवाज ऐकणे झाले. आवाज खणखणीत निघाला म्हणून शाबासकी. पण आपटून पाहायची गरज आमच्याच बाबतीत का पडली? शेख महंमदांनी श्रीगोंद्यात मराठीत लिहिले त्याला चारशे वर्षे होत आली. चारशे वर्षे चलनात असलेले नाणे अजून किती वेळा आपटणार आहात?

त्यांना हे विचारताना आमचीच मान खाली जाते, कारण तिसरा सराफ आम्ही आहोत. होय, आम्ही उर्दू शाळांचे शिक्षक. मूल पहिलीत येते तेव्हा घरची दखनी घेऊन येते. ते 'हौ' म्हणते, 'नक्को' म्हणते. आम्ही लगेच टोकतो, "हौ नहीं, हाँ बोलो. नक्को नहीं, नहीं बोलो." पहिल्याच दिवशी त्याच्या आईच्या जिभेला बट्टा. हा 'नक्को' मराठी 'नको'चा सख्खा भाऊ आहे. आमच्या आणि मराठीच्या शेजाराची ती पावती आहे. ती आम्ही फाडून टाकतो आणि लखनौची छाप मारतो. वली आणि सिराज ह्यांचे नाव आम्ही ह्या शहराशी अभिमानाने जोडतो. १७०० च्या सुमारास वली दिल्लीला गेले. पुढे त्यांचा दीवान तिथे पोहोचला, तेव्हा दिल्लीत फारसी हीच शायरीची प्रतिष्ठेची भाषा होती. दख्खनच्या ह्या शायराने दिल्लीकरांना दाखवून दिले, की आपल्या बोलीतही गझल होते. तेव्हाची हाली त्यांनी दिल्लीच्या बाजारात चालवून दाखवली. त्याच वलीचे वारस म्हणवणारे आम्ही वर्गात दखनी बोलणाऱ्या पोराला हसतो.

आणि शेवटची कबुली. आमच्यातल्या कितीजणांची स्वतःची मुले आमच्या शाळेत आहेत? ज्या संस्थेचा पगार आम्ही घेतो, तिच्या वर्गात आम्ही आपले मूल बसवत नाही. मोहल्ला हे पाहत असतो. दुकानदारच आपल्या दुकानाचे पीठ खात नसेल, तर गिऱ्हाइकाने का न्यावे? आजोबांना त्या दिवशी आम्ही उत्तर देऊ शकलो नाही त्याचे खरे कारण हे आहे. चौघांपैकी तिघांची मुले इंग्रजी माध्यमात होती. हाली-कलदारचा दर आजोबांनी ठरवलेला नव्हता. तो आम्ही ठरवला होता. त्यांनी फक्त वाचून दाखवला.

मग करायचे काय? भाषणे पुरे झाली. मागण्या सरकारकडे आहेतच, रिकाम्या जागा भरा, पुस्तके वेळेवर द्या, त्या करतच राहू. पण काही गोष्टींना सरकारी आदेश लागत नाही.

पहिली दोन वर्षे मुलाची दखनी वर्गात मानाने बोलू द्यावी, आणि तिच्यावरून त्याला किताबी उर्दूकडे न्यावे. मराठी हा पास होण्यापुरता पेपर नाही; ती ह्या मातीची भाषा आहे आणि आपली आहे. ती नीट बोलणाऱ्या शिक्षकाकडूनच शिकवली जावी, मग तो कोणत्याही धर्माचा असो. इंग्रजी विषय म्हणून रोज, आणि ज्याला ती येते त्यानेच शिकवावी. आमच्यापैकी ज्यांना येत नाही त्यांनी संध्याकाळी बसून शिकावी, लाज धरू नये. आणि आपल्या मुलांना आपल्या शाळेत आणावे. हे शेवटचे जड आहे, आम्हांला ठाऊक आहे. पण त्यावाचून बाकीच्या तीन गोष्टींवर मोहल्ला विश्वास ठेवणार नाही, आणि का ठेवावा?

हे सारे केल्यावरही काही पालक दाखला मागतील. त्यांचा तो हक्क आहे. पण तेव्हा आम्ही त्यांना समोर बसवून सांगू शकू, "चाचा, छाप पाहू नका. मुलाला चार ओळी वाचायला सांगा, अर्थ विचारा, हिशेब घाला. इथल्या मुलाला घाला आणि तिथल्याही. जिथे चांदी जास्त निघेल तिथे न्या."

हाली सिक्का १९५९ पर्यंत चलनातून पुरता गेला. कलदारही गेला. आता दोन्ही जुन्या बाजारात एकाच टोपलीत पडलेले दिसतात, आणि घेणारा दोन्ही चांदीच्या भावाने तोलून पाहतो. पोतोसीच्या डोंगरात आजही माणसे उतरतात, वऱ्हाडात आजही कापूस वेचला जातो, आणि आमच्या शाळेत उद्या सकाळी पुन्हा प्रार्थना होईल. ह्या मुलांची किंमत करणारे पुष्कळ आहेत. बट्टा कापायला बसलेल्या त्या रांगेतून निदान आम्ही शिक्षकांनी तरी उठावे.